एक यंत्र, अनेक आवाज : बहुसदस्यीय घरातील स्मार्ट स्पीकरच्या कामगिरीचा विचार

गोषवारा

आवाजाने चालणाऱ्या स्मार्ट स्पीकरचे मूल्यमापन बहुधा ‘बोललेले शब्द यंत्राला किती अचूक कळले’ या एकाच कसोटीवर केले जाते. ही कसोटी एकट्या वापरकर्त्याला गृहीत धरते. प्रत्यक्षात हे यंत्र दिवाणखान्यात किंवा स्वयंपाकघरात असते आणि तेथे अनेक माणसांचा वावर असतो. प्रस्तुत लेखात अशा घरातील यंत्राच्या कामगिरीचा विचार तीन प्रश्नांच्या आधारे केला आहे : बोलणे यंत्राला उद्देशून होते का, बोलले कोण, आणि सांगण्याचा अधिकार कोणाचा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञानाने सुधारता येतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र घराने आणि कायद्याने द्यावयाचे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : स्मार्ट स्पीकर, वाणी-ओळख, वक्ता-ओळख, नातेवाचक शब्द, कुटुंब, संमती.

१. प्रस्तावना

ॲमेझॉन कंपनीने नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत ‘एको’ हा स्पीकर प्रथम मर्यादित ग्राहकांसाठी आणला. गूगलचा ‘गूगल होम’ नोव्हेंबर २०१६ मध्ये, तर ॲपलचा ‘होमपॉड’ फेब्रुवारी २०१८ मध्ये बाजारात आला. भारतात एकोचे आगमन ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि गूगल होमचे एप्रिल २०१८ मध्ये झाले. गाणे लावणे, गजर लावणे, दिवे-पंखे चालू-बंद करणे, खरेदीची यादी करणे, बातम्या ऐकणे ही या यंत्राची नित्याची कामे होत.

मोबाईल फोन आणि स्मार्ट स्पीकर यांच्यात एक मूलभूत भेद आहे. फोन ज्याचा त्याचा असतो. तो खिशात राहतो आणि कुलूपबंद असतो. स्पीकर खोलीत राहतो. खोलीत येणारा प्रत्येक जण त्याच्याशी बोलू शकतो आणि त्याचे उत्तर खोलीतल्या सर्वांना ऐकू जाते. असे असूनही यंत्राची नोंदणी एका खात्यावर, म्हणजेच एका व्यक्तीच्या नावावर केली जाते. वापर सामूहिक आणि खाते वैयक्तिक, ही विसंगती या विषयाच्या मुळाशी आहे. पुढे वर्णिलेल्या बहुतेक अडचणी तिच्यातूनच उद्भवतात.

२. यंत्राच्या ऐकण्याची प्रक्रिया

स्पीकरचे ऐकणे दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात यंत्र खोलीतील ध्वनी सतत तपासत असते, परंतु फक्त एका ठरावीक शब्दासाठी. ‘अलेक्सा’ किंवा ‘ओके गूगल’ यांसारख्या या शब्दाला प्रस्तुत लेखात ‘हाकेचा शब्द’ असे म्हटले आहे. ही तपासणी यंत्रातच होते. हाकेचा शब्द आढळला की दुसरा टप्पा सुरू होतो : पुढील बोलणे सर्वसाधारणपणे इंटरनेटद्वारे कंपनीच्या संगणकाकडे जाते, तेथे त्याचे शब्दांत रूपांतर होते, त्याचा अर्थ लावला जातो आणि उत्तर परत येते.

दूरवरून बोललेले ऐकू यावे म्हणून यंत्रात अनेक मायक्रोफोन बसवलेले असतात. पहिल्या एकोमध्ये ते सात होते. एकाच ध्वनीची लहर प्रत्येक मायक्रोफोनवर किंचित वेगळ्या वेळी पोहोचते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्याने सात सेंटिमीटरचे अंतर कापण्यास त्याला ०.२ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. हा सूक्ष्म फरक मोजून यंत्र बोलणाऱ्याची दिशा ठरवते आणि त्या दिशेकडील आवाज उठावदार करते. स्वतः वाजवत असलेले गाणे त्याला ठाऊकच असते. ते ऐकलेल्या ध्वनीतून वजा करता येते.

मात्र दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की हे गणित अवघड होते. गजबजलेल्या ठिकाणी माणूस एका व्यक्तीचे बोलणे वेगळे कसे काढतो, या प्रश्नाचा अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. माणूस त्यासाठी दिशेखेरीज आवाजाची ओळख, विषयाचे भान आणि बोलणाऱ्याची नजर यांचाही आधार घेतो. बोलणारा कोणाकडे पाहतो आहे हे केवळ ऐकणाऱ्या यंत्राला कळत नाही.

३. पहिला प्रश्न : बोलणे यंत्राला उद्देशून होते का?

घरात दिवसभर जे बोलले जाते त्यातील अत्यल्प भाग यंत्रासाठी असतो. उरलेले बोलणे माणसांचे एकमेकांशी असते आणि त्यात दूरचित्रवाणीची भर पडते. हाकेच्या शब्दाशी उच्चारसाम्य असलेला शब्द आला तर यंत्र चुकून जागे होते. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठ आणि माक्स प्लांक संस्था यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये असे हजारांहून अधिक ध्वनिक्रम नोंदवले. ‘अनॲक्सेप्टेबल’, ‘इलेक्शन’, ‘अ लेटर’ या उच्चारांनी अलेक्सा, तर ‘ओके, कूल’ने गूगलचे यंत्र जागे होत असल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचे इंपीरियल कॉलेज यांच्याशी संबंधित संशोधकांनी त्याच वर्षी स्पीकरांसमोर दूरचित्रवाणी मालिकांचे शंभराहून अधिक तास संवाद वाजवले. चुकून जागे होण्याचे प्रमाण तासाला सरासरी ०.९५ इतके आढळले. यंत्रे सतत ध्वनिमुद्रण करीत असल्याचा पुरावा मात्र त्यांना मिळाला नाही. म्हणजे अखंड हेरगिरीचे सरसकट भय जितके अतिरंजित, तितकाच ‘हाक मारल्याशिवाय यंत्र ऐकतच नाही’ हा विश्वासही अपुरा ठरतो.

हाक खरी असली तरी ती घरातल्या माणसानेच मारली असेल असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील सहा वर्षांच्या मुलीने एकोकडून बाहुलीघर मागवल्याची बातमी सॅन डिएगोच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने दिली. निवेदकाने त्या मुलीचे वाक्य उच्चारताच अनेक प्रेक्षकांच्या घरची यंत्रे बाहुलीघर मागवण्याच्या तयारीला लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्गर किंग कंपनीने एका जाहिरातीत मुद्दामच ‘ओके गूगल’ म्हणून प्रश्न विचारला आणि घरोघरचे स्पीकर उत्तर देऊ लागले. काही तासांतच गूगलने त्या ध्वनिफितीला प्रतिसाद देणे थांबवले.

मे २०१८ मध्ये उघडकीस आलेली पोर्टलंड येथील घटना अधिक बोधप्रद आहे. एका दांपत्याचे घरातील संभाषण एकोने मुद्रित करून सिॲटलमधील त्यांच्या परिचिताला परस्पर पाठवले. कंपनीच्या स्पष्टीकरणानुसार, बोलण्यातील एका शब्दाने यंत्र जागे झाले, पुढील बोलणे त्याला ‘संदेश पाठव’ असे ऐकू आले, ‘कोणाला?’ या त्याच्या प्रश्नानंतरच्या बोलण्यात त्याला एक नाव सापडले; आणि खातरजमेच्या प्रश्नानंतर कोणाच्या तरी तोंडून आलेला होकारही त्याने ग्राह्य धरला. प्रत्येक पायरीवरील चूक लहान होती. परंतु यंत्राने विचारलेला प्रश्न खोलीत कोणी ऐकलाच नाही, ही शक्यता या रचनेत धरलेली नव्हती. एकाशीच संभाषण चालते या गृहीतकाचा हा परिणाम होय. मागाहून आलेल्या सोयींमुळे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. २०१८ पासून दोन्ही प्रमुख कंपन्यांनी पुन्हा हाक न मारता पुढचा प्रश्न विचारण्याची सोय दिली. त्यामुळे उत्तर दिल्यावरही यंत्राचा कान काही सेकंद उघडा राहू लागला.

४. दुसरा प्रश्न : बोलले कोण?

काय बोलले गेले हे ओळखणे आणि कोण बोलले हे ओळखणे या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. पहिलीला वाणी-ओळख आणि दुसरीला वक्ता-ओळख म्हणता येईल. गूगल होममध्ये सहा व्यक्तींपर्यंत आवाज वेगळे ओळखण्याची सोय एप्रिल २०१७ मध्ये आली. अलेक्सामध्ये तशी सोय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. सदस्याने काही ठरावीक वाक्ये बोलून दाखवायची आणि यंत्राने त्यांवरून त्याच्या आवाजाचा नमुना तयार ठेवायचा, असे तिचे स्वरूप आहे.

या ओळखीत दोन प्रकारच्या चुका संभवतात : परक्याला आपला समजणे आणि आपल्याला परका समजणे. कसोटी कडक केली की पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते. सैल केली की उलटे घडते. कुटुंबात ही अडचण तीव्र होते, कारण भावंडांचे किंवा आई-मुलीचे आवाज पुष्कळदा सारखे असतात. मे २०१७ मध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराच्या जुळ्या भावाने, तेही हुबेहूब दिसणारा जुळा नसताना, एचएसबीसी बँकेच्या आवाज-तपासणीतून प्रवेश मिळवून दाखवला होता. शिवाय आवाज स्थिर नसतो. सर्दी, वय आणि वयात येणे यांमुळे तो पालटतो. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूल वारंवारता साधारणपणे १०० ते १५० हर्ट्झ असते, स्त्रियांची २०० हर्ट्झच्या आसपास, तर लहान मुलांची २५० हर्ट्झहून अधिक असू शकते. मुलाच्या आवाजाचा दोन वर्षांपूर्वीचा नमुना म्हणूनच निरुपयोगी ठरू शकतो.

एका काल्पनिक हिशेबाने हा मुद्दा स्पष्ट होईल. समजा, घरात पाच माणसे आहेत, प्रत्येक जण दिवसाला चार आज्ञा देतो आणि यंत्र बोलणाऱ्याला शंभरपैकी पंचाण्णव वेळा बरोबर ओळखते. दिवसाच्या वीस आज्ञांपैकी सरासरी एक आज्ञा चुकीच्या माणसाच्या नावावर जाईल. गाणे लावण्यात ही चूक क्षुल्लक आहे. औषधाची आठवण किंवा फोन लावणे यांत ती तशी राहत नाही.

सरासरीतून आणखी एक गोष्ट झाकली जाते. २०२० मध्ये ॲलिसन केनेकी व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पाच मोठ्या कंपन्यांच्या वाणी-ओळख प्रणाली तपासल्या. शब्द चुकण्याचे सरासरी प्रमाण गौरवर्णीय वक्त्यांसाठी ०.१९, तर कृष्णवर्णीय वक्त्यांसाठी ०.३५ आढळले. हा अभ्यास स्पीकरचा नव्हता, त्यामागील प्रणालींचा होता. तथापि त्याचा बोध घरालाही लागू पडतो. एकाच छपराखाली आजोबांची बोली, सुनेची माहेरची बोली आणि नातवाचे शाळेतले इंग्रजी एकत्र नांदतात. ज्याचे बोलणे यंत्राला वारंवार कळत नाही तो हळूहळू बोलणेच सोडतो आणि ‘तूच सांग त्याला’ म्हणून दुसऱ्यावर विसंबतो. त्याच्या चुका मग आकडेवारीत दिसतही नाहीत. म्हणून घरातील कामगिरी सरासरीवरून न मोजता, ज्याचे सर्वांत कमी ऐकले जाते त्या सदस्याच्या अनुभवावरून मोजणे अधिक न्याय्य ठरेल.

५. मराठी घर आणि नात्याचे शब्द

ऑगस्ट २०१८ मध्ये गूगलने आपल्या असिस्टंटमध्ये मराठीचा समावेश जाहीर केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये अलेक्सा भारतात हिंदी बोलू लागली. भारतीय भाषांच्या संदर्भात उच्चार आणि शब्दसंग्रह यांची चर्चा बरीच होते. ती आवश्यकही आहे. ‘पावणेसहाचा अलार्म लाव आणि किचनमधला लाइट ऑफ कर’ या सहज बोलल्या जाणाऱ्या वाक्यात दोन भाषा आहेत आणि ‘पावणे’, ‘साडे’, ‘अडीच’ यांसारखी स्वतंत्र गणना करावी लागणारी संख्यारूपेही आहेत.

परंतु त्याहून मूलगामी अडचण नात्याच्या शब्दांची आहे. ‘आईला फोन लाव’ हे वाक्य घ्यावे. एकत्र कुटुंबात मुलगा हे वाक्य म्हणतो तेव्हा ‘आई’ म्हणजे घरातील आजी. नातू म्हणतो तेव्हा त्या घरची सून. आणि सून म्हणते तेव्हा तिची माहेरची आई किंवा, ती सासूला ‘आई’ म्हणत असेल तर, सासू. ‘दादा’, ‘वहिनी’, ‘काकू’, ‘मामा’ या शब्दांचेही असेच आहे. त्यांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थानावरून ठरतो. येथे शब्द शंभर टक्के अचूक ओळखूनही आज्ञा चुकते. जोडलेली दूरध्वनी क्रमांकांची यादी एकाच खातेदाराची असेल तर घरातील प्रत्येकाची ‘आई’ ही खातेदाराचीच आई ठरते. ‘माझी यादी’, ‘मला आठवण कर’, ‘आमच्या घरी’ या प्रयोगांनाही हाच नियम लागू होतो. वक्ता-ओळख ही येथे सुरक्षेची जादा सोय राहत नाही. ती अर्थग्रहणाची पूर्वअट बनते. मराठीसाठी वाणी-तंत्रज्ञान विकसित करणाऱ्यांनी, तसेच मराठी व भाषाविज्ञान विभागांतील अभ्यासकांनी, या मुद्द्याकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे.

६. तिसरा प्रश्न : सांगण्याचा अधिकार कोणाचा?

यंत्राने प्रत्येकाचा आवाज अचूक ओळखला असे मानले तरी एक प्रश्न उरतो. दोघांनी परस्परविरुद्ध आज्ञा दिल्या तर कोणाची मानावी? बहुधा शेवटची आज्ञा मानली जाते. वडिलांनी बंद केलेले गाणे मुलगा पुन्हा लावू शकतो. नॉटिंगहॅम विद्यापीठाशी संबंधित मार्टिन पोर्शरॉन व सहकाऱ्यांनी पाच घरांत प्रत्येकी महिनाभर एको ठेवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणाच्या वेळी एक जण यंत्राशी बोलतो तेव्हा इतर जण गप्प राहतात, आज्ञा सुधारून सांगतात, किंवा तिच्यावर टिप्पणी करतात, असे त्यांना दिसले. यंत्राशी होणारा व्यवहार कुटुंबाच्या चालू संभाषणात विणला जातो. म्हणजे यंत्राच्या वापराची व्यवस्था माणसेच आपसांत लावतात. यंत्राला तिची गंधवार्ता नसते.

ही व्यवस्था समतेची असतेच असे नाही. २०२१ मध्ये विनय कोशी व सहकाऱ्यांनी स्मार्ट घरांतील अशा सदस्यांचा अभ्यास केला, ज्यांनी यंत्रे निवडली नाहीत, बसवली नाहीत आणि ज्यांना मांडणी बदलता येत नाही. त्यांनी या सदस्यांना ‘प्रवासी’ म्हटले. वाहन दुसरा चालवतो, हे केवळ बसलेले असतात. खातेदाराला ॲपमधून यंत्राला दिलेल्या आज्ञांचा इतिहास पाहता येतो, जोडलेले दिवे, कुलूप वा कॅमेरे दूरवरून हाताळता येतात. घरात विश्वास असेल तोवर ही सोय आहे; विश्वास नसेल तेथे ते नियंत्रणाचे साधन होते. न्यूयॉर्क टाइम्सने जून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तलेखात घरगुती छळाच्या प्रकरणांत अशा जोडलेल्या उपकरणांचा वापर होत असल्याचे नमूद केले होते. पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती घराचा कारभार, असे तेथे घडते. ही यंत्रणेतील बिघाडाची स्थिती नव्हे. यंत्रणा ठरल्याप्रमाणेच काम करीत असते.

७. नोंदी, संमती आणि कायदा

खातेदार यंत्र बसवताना अटी मान्य करतो. त्याची आई, मुले, घरकामाला येणाऱ्या बाई, पाहुणे यांनी काहीच मान्य केलेले नसते. त्यांचा आवाज मात्र मुद्रित होऊ शकतो. जुलै २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने गूगल असिस्टंटच्या हजाराहून अधिक ध्वनिफिती ऐकल्या. त्यांपैकी १५३ फितींतील बोलणे हाकेच्या शब्दाविनाच मुद्रित झाले होते. या फिती वाणी-ओळख सुधारण्यासाठी कंत्राटी कर्मचाऱ्यांना ऐकवल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये अमेरिकेत मुलांच्या ध्वनिफिती जपून ठेवण्याच्या प्रकरणी ॲमेझॉनने अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने काही एको यंत्रांवरील, बोलणे कंपनीकडे न पाठवता यंत्रातच हाताळण्याचा पर्याय बंद केला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. या अधिनियमात संमती माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असण्याची अट आहे, तसेच अठरा वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक मानली आहे. मात्र व्यक्तीने वैयक्तिक अथवा घरगुती प्रयोजनासाठी केलेल्या विदा-प्रक्रियेला तो लागू होत नाही. कंपनीवर बंधने राहतात. खातेदार आणि घरातील इतर माणसे यांच्यातील व्यवहार पुष्कळसा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. घरात कायद्याने उठसूट शिरू नये हे रास्तच आहे. परंतु त्यामुळे ती जबाबदारी घराकडे येते, हेही स्वीकारले पाहिजे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, बहुसदस्यीय घरातील स्मार्ट स्पीकरची कामगिरी केवळ शब्द-अचूकतेने मोजणे अपुरे आहे. चुकून जागे होण्याचे प्रमाण, वक्ता-ओळखीतील चुका आणि सदस्या-सदस्यांमधील तफावत यांची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे.

दोन, नातेवाचक शब्दांमुळे मराठी घरात बोलणाऱ्याची ओळख पटल्याविना आज्ञेचा अर्थच पूर्ण होत नाही. मराठी कुटुंबांतील प्रत्यक्ष वापराचा अभ्यास भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, गृहविज्ञान आणि समाजशास्त्र या विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगा आहे. असा अभ्यास करताना केवळ खातेदाराची नव्हे, तर घरातील प्रत्येक प्रौढ सदस्याची आणि मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घेणे आवश्यक ठरेल.

तीन, अधिकाराचा प्रश्न अधिक चांगल्या मायक्रोफोनने सुटणारा नाही. यंत्र कोठे ठेवावे, निजण्याच्या खोलीत ते असावे का, नोंदी कोणी पाहाव्यात आणि किती दिवसांनी पुसाव्यात, घरी आलेल्या माणसाला त्याची कल्पना द्यावी का, मायक्रोफोन बंद करण्याचे बटण कोणी केव्हा दाबावे, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावयाचे आहे. महाविद्यालयांची वसतिगृहे, प्राध्यापक-कक्ष व कार्यालये यांनाही हेच लागू होते. तेथे तर नात्याचा विश्वासही गृहीत धरता येत नाही.

यंत्र ज्याचे ऐकते आणि ज्याचे ऐकत नाही, त्यावरून घरात कोणाच्या शब्दाला किंमत आहे हे काही अंशी उघड होते. ते समजून घेणे हे तंत्रज्ञाच्या इतकेच कुटुंबाच्या अभ्यासकाचेही काम आहे.